अनुस्वार गळतो तेव्हा : ग्वाल्हेरच्या बारीक कोरीव अक्षरांचा इतिहास

ग्वाल्हेरचा किल्ला चढताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागते. एकाच खडकातून कोरून काढलेले हे देऊळ आकाराने लहान, परंतु गणिताच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे. विक्रम संवत् ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधील एक शिलालेख तेथे आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात आणि रोज देवास वाहावयाच्या ५० माळा, असा हिशेब त्यात नोंदलेला आहे. या २७० मधील आणि ५० मधील शून्य हे भारतात कालनिर्देशासह सापडणाऱ्या शून्यचिन्हाच्या अत्यंत जुन्या नमुन्यांत गणले जाते. गणिताचे अभ्यासक त्या चिन्हाच्या अर्थाकडे पाहतात. आम्ही लिपीच्या अंगाने पाहणारे असल्यामुळे आमचे लक्ष त्याच्या आकाराकडे जाते. ते वर्तुळ शेजारच्या अंकांहून लहान आहे, आणि दगडात छिन्नीने लहान वर्तुळ काढणे हे पाथरवटाच्या कामातले कठीण काम. छिन्नीस सरळ जाणे आवडते. वळण जितके आखूड, तितके तिला अधिक वेळा उचलून पुन्हा टेकवावे लागते, आणि प्रत्येक टेकवणीत कड तुटण्याचे भय असते.

किल्ल्यापासून काही मैलांवर, मुरारच्या बाजूस, थाटीपूर ही वस्ती आहे. तेथील दुकानांत आज छिन्नीच्या जागी एक मिलिमीटरहूनही बारीक टोकाचे ब्लेड असते आणि दगडाच्या जागी रंगीत व्हिनाइलचा पातळ पापुद्रा. आपल्याकडे या सगळ्या धंद्यालाच 'रेडियम' म्हणतात. त्या मूलद्रव्याचा आणि याचा काडीचाही संबंध नाही, पण नाव पक्के रुजले आहे. रेडियम कापणाऱ्या कारागिराची अडचण मात्र अकराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचीच आहे. लहान वर्तुळ स्वच्छ येत नाही. मराठीत लहान वर्तुळ म्हणजे बहुधा अनुस्वार. आणि मराठीचा अनुस्वार शोभेसाठी नसतो.

नावापासूनच आरंभ करू. तेथील पाट्यांवर 'थाटीपुर' असते. आम्ही वर 'थाटीपूर' लिहिले. मराठीच्या लेखनव्यवस्थेत तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ होतो, आणि ग्रामनामांतील 'पूर' आपण त्याच वळणाने लिहितो. म्हणून आपण सोलापूर, नागपूर, खानापूर लिहितो, आणि हिंदी तेथे 'पुर' लिहिते. दोन्ही आपापल्या घरी शुद्ध आहेत. ग्वाल्हेरचे गाव ग्वाल्हेरकरांनी त्यांच्या पद्धतीने लिहावे, हे उघड आहे. तरीही एका शेपटाच्या दिशेवरून कोणत्या भाषेचा हात पाटीवर फिरला हे ओळखता येते, एवढे येथे ध्यानात ठेवावे. भाषाभेदाच्या अशा खुणा देवनागरीत बहुधा शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी असतात, आणि अक्षर लहान केले की पहिला घाव याच दोन जागी बसतो.

मराठ्यांच्या दफ्तरांत बारीक अक्षर कोरण्याचे काम शिक्क्यांपुरते होते. पत्राचा मजकूर मोडीत, झरझर, एका दमात लिहिलेला. त्यावरचा शिक्का मात्र बाळबोध अक्षरांचा. धातूवर उलटी अक्षरे कोरावयाची, तीही बोटाच्या पेराएवढ्या जागेत. पत्राच्या शेवटी उमटविण्याची मोर्तब तर त्याहून लहान. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगी. शिक्का कोरणाऱ्यास ती मोकळीक नव्हती; त्याला प्रत्येक अक्षराची आतली पोकळी वेगळी राखावी लागे, नाहीतर 'व' आणि 'ब' यांत भेद उरत नसे. शिंद्यांचे कागद याच व्यवस्थेतले. ग्वाल्हेरचे इतिहाससंशोधक आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' या नावाने त्यांतील कितीतरी कागद प्रसिद्ध केले. फाळके या नावातला 'ळ' वाचकांनी लक्षात ठेवावा; त्याचे काम पुढे आहे.

मुद्रणाची गोष्ट आपल्या सीमाभागाच्या अगदी जवळ, गोव्यात सुरू होते, आणि तिच्या पहिल्याच पानावर बारीक अक्षरांचा पराभव आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमन. असे का झाले, याचे उत्तर त्यांनीच १६०८ साली रोमला धाडलेल्या एका पत्रात दिलेले आहे. या देशाच्या लिपीत ग्रंथ छापावेत अशी त्यांची पुष्कळ वर्षांची इच्छा होती. परंतु येथील अक्षरे स्वरव्यंजनांच्या मेळाने बनत असल्यामुळे सुमारे ६०० साचे ओतावे लागतील, युरोपात २४ पुरतात, ही अडचण त्यांनी मांडली. संख्या हा अडचणीचा एक भाग झाला. दुसरा भाग असा की त्या ६०० साच्यांतील निम्म्याहून अधिकांवर शिरोरेषेच्या वर किंवा खाली काहीतरी बारीक लोंबत असते, आणि शिशाचा असा लोंबता अवयव छापताना मोडतो.

पुढे जवळजवळ दोन शतके मराठी मजकूर देवनागरी टंकांत उमटला नाही. मग १८०५ हे एक विलक्षण वर्ष आले. त्या वर्षी बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी टंकांत निघाले. तेथील टंक कोरणारे होते पंचानन कर्मकार आणि त्यांचा जावई मनोहर, दोघेही धातुकामाच्या परंपरेतले. त्याच वर्षी इकडे मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली, पण टंकांनी नव्हे. तांब्याच्या पत्र्यांवर संपूर्ण पाने उलटी कोरून. त्या कामाचे बीज पुण्यात पडले होते. नाना फडणविसांच्या काळी इंग्रज वकील मॅलेट याच्या मदतीने एका तांबटास पत्र्यावर कोरण्याची विद्या शिकविण्यात आली होती. १८०० साली नाना गेले आणि ती विद्या मिरजेस आली. या दोन १८०५ मधला भेद आम्हांस फार बोलका वाटतो. मिरजेच्या तांबटाने पान कोरले, म्हणजे शब्द अखंड राहिला, शिरोरेषा तुटली नाही, मात्रा जागच्या जागी बसली. पण ते पान दुसऱ्या कशासाठी वापरता येत नव्हते. श्रीरामपूरच्या कर्मकारांनी अक्षर कोरले, म्हणजे ते कोठेही वापरता आले. पण शब्द तुकड्यांचा झाला. देवनागरीच्या यांत्रिक इतिहासात पुढे जे जे घडले ते या दोन टोकांमधला प्रवास आहे.

त्या प्रवासाचे मोठे मुक्काम मुंबईत आहेत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम याच्या देखरेखीखाली मराठी टंकांचे पुष्कळ काम झाले. त्याच छापखान्यात पोरवयात कामास लागलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ साली स्वतःची टंकशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या अक्षरांची कीर्ती जावजींच्या नावाने आहे, पण ती अक्षरे पोलादाच्या ठशावर प्रत्यक्ष कोरणारा हात राणोजी रावजी आरू यांचा होता. संस्कृताचे पाठक काशीचे असोत वा कांचीचे, निर्णयसागरच्या पोथीस प्रमाण मानीत, त्यात संपादनाइतकाच या कोरीवपणाचा वाटा होता. लहान आकारात छापलेल्या तळटिपांतही 'ष' आणि 'प' यांत घोटाळा होत नसे. उत्तरेकडे ज्या 'अ', 'झ', 'ण' यांची वेगळी वळणे रूढ होती, तेथेही हळूहळू मुंबई वळणाची हीच अक्षरे प्रमाण ठरली. मराठी कारागिराच्या हाताचा हिंदीवर झालेला हा उपकार हिंदी जगतास फारसा ठाऊक नाही, आणि आपणही सांगत नाही.

ठसा कोरण्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण रेडियमच्या दुकानातील अडचण तिच्यावाचून नीट कळत नाही. पोलादी कांबीच्या टोकावर आरशात दिसावे तसे उलटे अक्षर काढून सभोवतालचे पोलाद कोरून टाकावयाचे. अक्षराच्या आतली पोकळी कोरून काढण्यापेक्षा तिच्यासाठी वेगळाच एक प्रतिठसा करून तो ठोकून घेणे सोयीचे. मग तो ठसा तांब्यात ठोकला की साचा, आणि साच्यात शिसे ओतले की टंक. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीत ओळ तीन थरांनी रचली जाई. मधल्या थरात अक्षरे, वरच्या थरात वेलांट्या, मात्रा व अनुस्वार, खालच्या थरात उकार. अखंड पद्धतीत अक्षर आणि त्याची मात्रा एकाच टंकात ओतलेली. अखंड दिसावयास सुंदर, पण खिळ्यांची संख्या वाढते. डिग्री स्वस्त, पण वरच्या थरातला बारीक खिळा सैल झाला की अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी टंकांची संख्या आटोक्यात आणण्याचा जो खटाटोप केला, तो याच प्रश्नासाठी.

आता पुन्हा ग्वाल्हेर. १८८५ पासून ग्वाल्हेर संस्थानाची टपाल तिकिटे ही ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचे नाव वरून छापून तयार होत. नाव दोन लिप्यांत असे, रोमन आणि नागरी. नखाएवढ्या कागदावर राणीच्या चेहऱ्याखालच्या मोकळ्या पट्टीत ते बसवावयाचे. तिकीटसंग्राहकांच्या सूचींत या नागरी नावाचे दोन प्रकार वेगळे नोंदविलेले आहेत. एक सुमारे १३ ते १४ मिलिमीटर लांबीचा, दुसरा सुमारे १५ मिलिमीटरचा. एक-दोन मिलिमीटरांच्या फरकावर संग्राहक पैसे मोजतात, हे हास्यास्पद वाटेल. लिपीच्या अभ्यासकाने मात्र त्यांचे आभारच मानावेत. एवढ्या लहान आकारातील नागरीचे इतके काटेकोर मोजमाप आमच्या माहितीत दुसऱ्या कोणी केलेले नाही. १८९५ पासून सरकारी कामाच्या तिकिटांवर 'सरविस' हा शब्दही नागरीत आला, आणि त्यांत अक्षरांची अदलाबदल झालेले आणि शेवटचे अक्षरच गळालेले नमुने सापडतात. रोमन नावातही चूक आहेच. एके ठिकाणी 'ओ'च्या जागी 'सी' पडला आहे. पण चुकीची जात पाहावी. रोमनमध्ये एका अक्षरासारखे दुसरे अक्षर शिरले. नागरीत अक्षरांचा क्रमच फिरला, कारण जुळवणाऱ्यास ते वाचता येत नसावे असे मानण्यास जागा आहे. ही छपाई आरंभी कलकत्त्यास आणि पुढे नाशिकला होत असे. अखेरच्या वर्षांत ती ग्वाल्हेरच्याच आलिजाह छापखान्यात होऊ लागली.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात. बेळगाव-कारवारच्या वाचकांस ही तारीख सांगावी लागत नाही. त्याच दिवशी आपली गावे म्हैसूर राज्यात गेली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांवर आलेला प्रसंग आपल्यासारखा नव्हता. तेथे लढ्याचा प्रश्न नव्हता, सभोवार हिंदी होती आणि लिपी तीच होती. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, त्या पदावरील त्या पहिल्या स्त्री. भास्कर रामचंद्र तांब्यांसारखा कवी ज्या गावात राहिला तेथे हे संमेलन भरणे साहजिकच होते. परंतु संमेलन तीन दिवसांचे असते आणि दारावरची पाटी तीस वर्षांची. ज्या गावात लिपी वेगळी असते तेथे आपली भाषा पुसली गेल्याचे डोळ्यांस दिसते. लिपी एकच असेल तर ती एकेका चिन्हाने जाते, आणि जाताना आवाजही होत नाही.

हे आम्ही थाटीपुरातील एका दुकानात पाहिले. एका मराठी कुटुंबाच्या नव्या घरासाठी ॲक्रिलिकच्या पट्टीवर चिकटवावयाची नावे कापली जात होती. अक्षरांची उंची जेमतेम १२ मिलिमीटर. आडनाव 'काळे'. संगणकाच्या पडद्यावर 'काले' होते. कारागिरास विचारता तो अत्यंत सौजन्याने म्हणाला की दोन्ही एकच. त्याच्या दृष्टीने ते खरेच एक होते. हिंदीतही 'काले'चा अर्थ काळेच. 'ळ' हा वर्ण प्रमाण हिंदीत नाही, ब्रजात नाही, बुंदेलीत नाही. त्याच्या फॉन्टमध्ये मात्र तो होता. बोट त्या कळीवर जात नव्हते, एवढेच. घरातील तरुण मुलानेही हरकत घेतली नाही. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'काले'च होते. शेवटी आजीबाईंना फोन लावला गेला. "काले नाही रे, काळे. तुझ्या आजोबांनी सही कशी केली ते बघ," एवढेच त्या म्हणाल्या, आणि पाटी बदलली.

आपल्या सीमाभागात नेमके उलट घडते. बेळगावच्या कानडीभाषक कारागिराकडून 'ळ' सहसा सुटत नाही, कारण कानडीत तो वर्ण आहे आणि त्याच्या जिभेवर आहे. त्याच्याकडून सुटतो तो अर्धा 'ऱ', ज्याला काही जण डोळ्याच्या पापणीची उपमा देतात. हिंदीत तो नाही, संस्कृतात नाही, आणि कानडी लिपीत त्यास जागाच नाही. म्हणून 'कर्मचाऱ्यांसाठी' हा शब्द पाटीवर 'कर्मचार्यांसाठी' होऊन बसतो. ज्यांना हा किरकोळ भेद वाटतो त्यांनी 'आचार्यांना दक्षिणा' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा' यांतील फरक एखाद्या लग्नघरी विचारून पाहावा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ग्वाल्हेरच्या 'कऱ्हाडे' आडनावाच्या घरी तर रेफाचा आणि 'ह'चा असा काही गुंता होतो की टपालवाल्यानेच नाव पाठ करावे.

हा दोष यंत्राचा नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. युनिकोडात 'ऱ'ला ०९३१ आणि 'ळ'ला ०९३३ असे स्वतंत्र क्रमांक पहिल्यापासून आहेत. (चतुर्भुज मंदिराच्या लेखाचा संवत् ९३३ आणि 'ळ'चा हा क्रमांक यांचा मेळ केवळ योगायोगाचा, युनिकोडाची मोजणी सोळाच्या पटीतली आहे. आम्हांस तो गमतीचा वाटला म्हणून नोंदविला.) 'ल' आणि 'श' यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरविली. युनिकोडात मराठी 'ल' व हिंदी 'ल' यांचा क्रमांक एकच आहे. वळण ठरते ते फॉन्टवरून, आणि फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतील तर मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्यावरून. रेडियमच्या दुकानात ती निवड कोणी करीत नाही. मायक्रोसॉफ्टसाठी 'मंगल' हा फॉन्ट रेखाटणारे र. कृ. जोशी हे मराठी अक्षरकार; त्यांच्या पिढीने देवनागरीसाठी केलेले काम आज प्रत्येक संगणकात आहे, वापरणाऱ्याने कळ दाबली तर.

आता प्रत्यक्ष कापणीकडे येऊ. व्हिनाइल कापणारी यंत्रे १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गर्बर कंपनीने बाजारात आणली. तत्त्व सोपे आहे. ब्लेड आपल्या आसाभोवती मोकळे फिरते आणि ओढले जाते, जसे सामानाच्या गाडीचे पुढचे चाक दिशा बदलली की मागाहून वळते. ब्लेडचे टोक आसाच्या मध्यावर नसते, किंचित मागे असते. पाव मिलिमीटर हे त्याचे नेहमीचे माप. हे अंतर यंत्रास चुकीचे सांगितले गेले, तर कोपरे गोलावतात आणि वर्तुळाची सुरुवात व शेवट जुळत नाहीत. रोमन लिपीत कोपरे काही अक्षरांना असतात, काहींना नसतात. देवनागरीत जवळजवळ प्रत्येक अक्षराची उभी काठी शिरोरेषेस काटकोनात भिडते, म्हणजे एका शब्दात हा दोष दहा ठिकाणी दिसतो.

त्याहून मोठी खोड जोडणीची आहे. संगणकातील देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येते, आणि शेजाऱ्याच्या शिरोरेषेवर ती थोडी चढते. पडद्यावर ती अखंड दिसते. कापणारे यंत्र मात्र प्रत्येक आकृतीची कड वेगळी कापते, त्यामुळे शब्द जोडावर चिरला जातो. वेलांटी काठीपासून सुटते, उकार पायापासून सुटतो. श्रीरामपूर आणि मिरज यांतला १८०५ चा भेद येथे जसाच्या तसा पुढे उभा राहतो. उपाय दुकानातच आहे : कोरल ड्रॉमध्ये मजकुराचे रेषाकृतीत रूपांतर करून सर्व तुकडे 'वेल्ड' करावेत, मगच कापणीस पाठवावे. असे केले की देवनागरीस एक सोय मिळते जी रोमनला नाही. अख्खा शब्द शिरोरेषेला धरून एकाच तुकड्यात उचलला जातो. रोमनमध्ये दहा अक्षरे म्हणजे दहा सुटे तुकडे. बारीक आकारात ही सोय मोलाची आहे, आणि मोडी लिहिणारा आधी शिरोरेषा का ओढी हे येथे हाताला कळते.

शिरोरेषेला जे जोडलेले नाही ते मात्र गळते. अनुस्वार, नुक्ता, चंद्रबिंदूतला बिंदू. १२ मिलिमीटरच्या अक्षरावरील अनुस्वार एक-दीड मिलिमीटरचा असतो. नको असलेले व्हिनाइल चिमट्याने उचलताना तोही सोबत निघून जातो, आणि कारागिराच्या लक्षातही येत नाही. 'शिंदे'चे 'शिदे' होते. 'महिलांसाठी'चे 'महिलासाठी' होते, आणि अनेकवचन व सामान्यरूप दोन्ही एका ठिपक्यासह कचऱ्यात जातात. लहान अक्षरांसाठी ६० अंशांचे नवे ब्लेड घ्यावे. मोठ्या अक्षरांचे ४५ अंशांचे बोथट ब्लेड येथे चालत नाही. व्हिनाइल पातळ, सुमारे ५० मायक्रॉनचे घ्यावे. नेहमीचे स्वस्त व्हिनाइल ७५-८० मायक्रॉनचे असते आणि बारीक वळणात त्याची कड उचलली जाते. वेग निम्म्याहून कमी करावा. दाब एवढाच असावा की व्हिनाइल पुरते कापले जाईल आणि खालच्या कागदावर नखाच्या ओरखड्याएवढीच खूण उठेल. कापल्यावर लगेच निवडावे; ग्वाल्हेरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, तासभर थांबल्यास डिंक पाघळून कापलेल्या कडा पुन्हा एकमेकींस चिकटतात.

अनुस्वारासाठी याहून निराळी युक्तीही आहे. अक्षरे व्हिनाइलची न ठेवता पार्श्वभूमी व्हिनाइलची ठेवावी आणि अक्षरे त्यातून उचलून काढावीत. मग अनुस्वार हा चिकटवलेला ठिपका न राहता भोक होतो. चिमट्याने एकदा तो काढला की उन्हाने सुकत नाही, पाण्याने वाहत नाही आणि कोणाच्या नखाने निघत नाही. अक्षरांच्या आतल्या पोकळ्या मात्र या रीतीत सुटे तुकडे होतात. 'व', 'ब', 'घ', 'ळ' यांच्या पोटातले तुकडे ट्रान्सफर टेपवर जागच्या जागी राहतात की नाही हे पाहावे लागते. 'ळ'ला दोन पोटे आणि मधे बारीक कंबर. त्या कंबरेशी ब्लेड दोनदा जवळजवळ एकाच जागी वळते आणि तेथे व्हिनाइल सुरकुतते. थाटीपुरातील त्या पाटीवरचा 'ळ' पहिल्या दोन वेळा फाटला. तिसऱ्या वेळी कारागिराने कंबर अर्ध्या मिलिमीटरने रुंद केली, वेग कमी केला, आणि तो स्वच्छ निघाला. ती आकृती त्याने 'काळे' या नावाने संगणकात वेगळी जपून ठेवली आहे. पुढच्या मराठी गिऱ्हाइकाने ती मागून घ्यावी. ग्वाल्हेरात फाळके, मुळे आणि गोळे यांची संख्या अजून बरीच आहे.